‘बंद करा’ म्हणायचे मी

गरोदर बाईनं डिप्रेशनची गोळी घेऊ नये, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. नुसतं मत असतं तर ते माझ्यापाशीच राहिलं असतं. पण आमचं मेडिकल आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडपासून चार पावलांवर, आणि पलीकडच्या बोळात प्रसूतिगृह. डॉक्टरांसमोर तोंड उघडायला लोक बिचकतात. मेडिकलवाल्या बाईला मात्र काहीही विचारतात. “ताई, ही झोपेची गोळी आहे का?” “वहिनी, हिला दिवस गेलेत, ही चालेल ना?” माझं उत्तर ठरलेलं असे. लोह, कॅल्शियम, फॉलिक अ‍ॅसिड पिशवीत घालायचं, ती एक स्ट्रिप बाजूला ठेवायची आणि आवाज जरा खाली आणून म्हणायचं, “ही आता बंदच करा. नऊ महिने कळ काढा, मग बघू.” सोबत सासू असली की तिची मान लगेच हलायची.

आज मी असं सांगत नाही. मत का फिरलं ते लिहायचं आहे, पण आधी माझी जुनी बाजू मांडते, कारण ती अगदीच अडाणीपणाची नव्हती.

फार्मसीला असताना थॅलिडोमाइडचा धडा आम्हाला ज्या तऱ्हेनं शिकवला, तो विसरणं शक्य नाही. 1957 साली हे औषध पश्चिम जर्मनीत बाजारात आलं. झोपेसाठी, मळमळीसाठी; गरोदर बायकांनाही बेलाशक द्या, असं सांगून ते खपवलं गेलं. 1961 च्या अखेरीस ते मागे घेईपर्यंत हातपाय खुरटलेली हजारो मुलं जन्माला आली होती. सरांनी त्या मुलांचे फोटो वर्गात फिरवले तेव्हा शेवटच्या बाकावरची कुजबुजसुद्धा थांबली. तेव्हापासून डोक्यात एकच बसलं, की पोटुशी बाईला औषध जितकं कमी तितकं बरं.

त्यात भर पडली अक्षरांची. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 1979 पासून गरोदरपणातल्या औषधांना ए, बी, सी, डी आणि एक्स अशी अक्षरं लावली होती. औषध कंपनीच्या एका एमआरनं दिलेला तो तक्ता मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम, फ्लुऑक्सेटिन ही सगळी सीमध्ये. पॅरॉक्सेटिनही आधी सीमध्येच होतं. 2005 च्या डिसेंबरात बाळाच्या हृदयातल्या दोषांच्या शंकेवरून ते डीमध्ये गेलं, तेव्हा मी पेननं खोडून दुरुस्ती केली होती. ती अक्षरं मी परीक्षेतल्या श्रेणीसारखी वाचत असे: सी म्हणजे जेमतेम, डी म्हणजे नापास. खरं तर सीचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच होता की माणसांवरचा पुरेसा अभ्यास झालेला नाही. आणि अभ्यास झाला नव्हता, कारण थॅलिडोमाइडनंतर गरोदर बायकांना औषधांच्या चाचण्यांपासून कटाक्षानं लांब ठेवलं गेलं. माहिती नाही म्हणून धोका धरायचा, आणि धोका धरला म्हणून माहिती मिळवायची नाही. या चक्रात मीही होते.

आणखी एक कारण होतं, जे तेव्हा मी मान्य केलं नसतं. थायरॉइडची गोळी मी कुठल्याच गरोदर बाईला सोडायला सांगितली नाही. इन्सुलिन नाही, बीपीची नाही. दम्याच्या पंपाबद्दल तर उलट बजावायची, “पंप चुकवू नका, तुम्हाला धाप लागली तर बाळाचाही जीव घाबरा होतो.” मग याच एका गोळीसाठी ‘कळ काढा’ का? कारण मनातून मला तो आजार आजार वाटत नव्हता. हळवी आहे, सासरी अजून रुळली नाही, पदरात मूल पडलं की रमेल. आणि गंमत अशी, की त्याच काउंटरवरून ‘गर्भाच्या वाढीसाठी’ म्हणून येणारे नाना काढे आणि कल्प मी बाटलीवरची बारीक अक्षरं न वाचता विकत होते.

मत हललं ते एका गिऱ्हाइकामुळे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई. आमच्याकडे दर गुरुवारी साताऱ्याहून मानसोपचारतज्ज्ञ येतात, त्यांची चिठ्ठी घेऊन आल्या. वर सर्ट्रालिन 50, खाली फॉलिक अ‍ॅसिड. विचारलं, तर म्हणाल्या, तिसरा लागलाय. मी नेहमीचं सुरू केलं. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं, पर्स काउंटरवर ठेवली आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाल्या, “ताई, पहिल्या वेळी सगळ्यांचं ऐकून गोळी सोडली होती मी. सातव्या महिन्यात अंघोळीला उठवत नव्हतं. बाळ फिरायचं पोटात, मला त्याचं काहीच वाटायचं नाही. बाळंतपणानंतर माझ्या आईनं पोरीला वाटी-चमच्यानं पाजलं, कारण मी तिला जवळच घेत नव्हते. या वेळी डॉक्टरांना विचारून घेतेय. तुम्ही स्ट्रिप द्या.”

दुकानात माणसं उभी होती. मी स्ट्रिप दिली, पण मला राग आला. रात्री शटर ओढताना नवऱ्याला म्हटलं, लोकांना आपलं भलं कळत नाही. हे म्हणाले, “तुला तरी कळतं का?” (संसारात असे प्रश्न विचारू नयेत.) त्या बाईंना खोटं पाडायचं, या एकाच हेतूनं मी वाचायला बसले. भाची फार्माकॉलॉजीत एमडी करते. तिला फोन केला, या गोळ्यांनी बाळाला काय काय होतं त्याचे पेपर पाठव. तिनं पाठवले आणि सोबत लिहिलं, “मावशी, आईला काय होतं त्याचाही एक जोडलाय.”

तो आधी उघडला. 2006 साली ‘जामा’ या नियतकालिकात आलेला, अमेरिकेतल्या 201 गरोदर बायकांचा अभ्यास. सगळ्यांना आधी नैराश्याचा मोठा आजार होऊन गेलेला, आणि दिवस राहण्याच्या सुमाराला सगळ्या औषधावर ठीक होत्या. ज्यांनी गोळी चालू ठेवली त्यांच्यातल्या 26 टक्के बायकांचा आजार गरोदरपणात उलटला. ज्यांनी बंद केली त्यांच्यात 68 टक्के. म्हणजे तिघींतल्या दोघी. गरोदरपण बाईचं मन आपोआप राखतं, अशी माझी समजूत होती. ती तिथंच संपली.

मग मला आमच्या दुकानाचा हिशेब कळला. ‘इतक्या जणींना बंद करायला सांगितली, कुणाचं काही बिघडलं नाही’ हा माझा मोठा आधार होता. पण जिनं गोळी सोडली ती गोळी मागायला पुन्हा माझ्या काउंटरवर येणारच नव्हती. ती माहेरी गेली असेल, खोलीत पडून राहिली असेल, तिला कुणी अंगारा लावला असेल. मला कळायला मार्गच नव्हता, आणि मला न कळलेलं मी ‘काही झालं नाही’ या रकान्यात लिहीत होते.

बाळाचं काय, हा प्रश्न उरलाच. त्यावर 2014 सालचा एक मोठा अभ्यास आहे, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधला. अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य योजनेतल्या सुमारे साडेनऊ लाख गरोदरपणांची नोंद त्यात तपासली. पहिल्या तीन महिन्यांत अशी गोळी न घेतलेल्या बायकांच्या दर 10,000 बाळांत 72 जणांना हृदयाचा दोष होता, घेतलेल्यांच्यात 90. तिथंच पेपर मिटला असता तर मला हवं ते मिळालं होतं. पुढं वाचलं. गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायका मुळात सारख्या नव्हत्या. घेणाऱ्यांत इतर आजार जास्त, इतर औषधं जास्त, आणि नैराश्य तर होतंच. नैराश्य असून गोळी न घेणाऱ्या बायकांशी त्यांची तुलना केली, बाकीचे फरक जमेस धरले, तेव्हा सर्ट्रालिनच्या गटातल्या गोळ्यांचा वाढीव धोका जवळजवळ उरलाच नाही. मी आजवर गोळी घेणारी बाई आणि ठणठणीत बाई यांची तुलना करत आले होते. जिच्या हातात चिठ्ठी आहे, तिच्यापुढे ठणठणीत असण्याचा पर्याय नसतो. तिला औषध आणि आजार यांतलं एक निवडायचं असतं, आणि आजारही बाळापर्यंत पोचतो. आई जेवत नाही, झोपत नाही, तपासणीच्या तारखा चुकवते; नैराश्यावर उपचार न झालेल्या बायकांत मूल अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याचं प्रमाण जास्त आढळतं.

शिवाय मी ज्या क्षणी ‘बंद करा’ म्हणत होते, तो क्षणच उशिराचा होता. पाळी चुकून आठ-पंधरा दिवस गेल्यावर बाई किट न्यायला येते. दोन रेघा दिसेपर्यंत बाळाचं हृदय घडायला लागलेलं असतं. त्या दिवशी घाबरून गोळी फेकली तर आधी गेलेलं औषध काही परत येत नाही. एकदम बंद केल्याचे हाल मात्र सुरू होतात. चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके. आणि बाईला वाटतं, हे डोहाळेच. खरी वेळ असते मूल हवं असं ठरतं तेव्हाची. त्या वेळी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन औषध कुठलं, मात्रा किती, कमी करता येईल का, हे निवांतपणे ठरवता येतं. दिवस गेल्यावर चांगली लागू पडलेली गोळी बदलून दुसरी सुरू करणं शहाणपणाचं नसतं. बाळाला मग एकाऐवजी दोन औषधं भेटतात. शेवटच्या महिन्यांत तर कधी मात्रा वाढवावी लागते, कारण अंगातलं रक्त वाढलेलं असतं आणि शरीर औषध लवकर संपवतं. पूर्वी अशी वाढवलेली मात्रा चिठ्ठीवर बघून माझ्या कपाळावर आठ्या पडायच्या.

गोळीला दोष नाहीत असं मी म्हणत नाही. बाळंत होताना रक्तस्राव किंचित जास्त होण्याची शक्यता सांगितली जाते. नवजात बाळाच्या फुप्फुसातला रक्तदाब चढा राहण्याचा एक दुर्मीळ आजार आहे. 2015 च्या एका प्रचंड मोठ्या अभ्यासात गोळी न घेतलेल्या आयांच्या दर 10,000 बाळांमागे तो सुमारे 21 जणांत होता, शेवटच्या महिन्यांत या गोळ्या घेतलेल्या आयांच्या बाळांत सुमारे 31. इतर कारणं वजा केल्यावर हा फरक बराच आकसला, तरी प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना गोळीची माहिती हवीच. आणि शेवटपर्यंत गोळी घेतलेल्या आयांच्या साधारण दहातल्या तीन बाळांना पहिले काही दिवस जुळवून घ्यायला त्रास होतो. अंग थरथरतं, रडणं किरटं येतं, ओढून पीत नाहीत, कधी श्वास भरभर चालतो. बहुतेकांचं ते आपोआप निवळतं.

शाळेतल्या बाईंच्या बाळाचं असंच झालं. त्यांचे मिस्टर ड जीवनसत्त्वाचे थेंब न्यायला आले तेव्हा सांगत होते. बालरोगतज्ज्ञांना आधीच कल्पना दिलेली होती, म्हणून बाळाला जास्त वेळ देखरेखीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरायला लागले, तशी आजी घाबरली, पण बाई नाही. “ती म्हणाली, हे होणार होतं, दोन-तीन दिवसांत जाईल. आणि गेलं,” असं म्हणून गृहस्थांनी ड्रॉपर किती भरायचा ते माझ्याकडून दोनदा समजून घेतलं. एका बाळानं काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण घाबरलेल्या घरात ती एकटी न घाबरलेली होती, हे ऐकून मला बरं वाटलं.

दुधाबद्दलही माझी भाषा हीच होती: “अंगावर पाजताय ना, मग नको.” बाळंतिणीच्या खोलीत हा सल्ला फार वेगानं पसरतो, डिंकाचा लाडू चालतो, शतावरी चालते, मनावरची गोळी ‘दुधात उतरते’. उतरते, पण किती? सर्ट्रालिन दुधात इतकं थोडं जातं, की पिणाऱ्या बाळांच्या रक्तात ते बहुधा मोजण्याइतकंही सापडत नाही. म्हणून बाळंतपणानंतर नव्यानं गोळी सुरू करायची तर डॉक्टर बरेचदा तीच निवडतात. फ्लुऑक्सेटिन शरीरात फार दिवस रेंगाळतं आणि दुधातही त्यापेक्षा जास्त उतरतं, तेव्हा बाळ अगदी लहान किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर जास्त लक्ष ठेवतात: पितं कसं, झोप नेहमीची आहे ना, वजन वाढतंय ना. ज्या गोळीनं आई बरी झाली तीच बहुतेक वेळा चालू ठेवली जाते. गोळीसाठी दूध किंवा दुधासाठी गोळी तोडावी लागण्याची वेळ मला वाटायची त्याहून पुष्कळ कमी येते.

हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे बायका एवढ्या नाजूक नसतात, असं मला वाटलं असतं, जर भाचीच्या गठ्ठ्यात गोव्याचा पेपर नसता. 2002 साली प्रसिद्ध झालेला. उत्तर गोव्यातल्या जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या बायकांना सहा आठवड्यांनी तपासलं, तर 23 टक्के बायका नैराश्यात होत्या. जवळजवळ चारात एक. त्यांच्यातल्या 78 टक्के जणी गरोदर असतानाच मनानं खचलेल्या होत्या. म्हणजे ‘बाळंतपणानंतर डोकं फिरलं’ असं ज्यांच्याबद्दल म्हणतात त्यांचं आधीच कुणी विचारलेलं नसतं. सहा महिन्यांनीही निम्म्याहून जास्त बऱ्या झालेल्या नव्हत्या. कारणं वाचताना आमच्या बोळातलं प्रसूतिगृहच डोळ्यांपुढं आलं. हलाखी, नवऱ्याचा मार, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. पेढे की बर्फी, हे आमच्या शेजारच्या मिठाईवाल्याला आधी कळतं; मुलगी झालेल्या काही घरांतून दोन्ही जात नाही.

कुणाला वाटेल मी आता गोळीची जाहिरात करतेय. नाही. काही बाबतींत माझ्या आठ्या तशाच आहेत. आपल्याकडे एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत एकत्र विकायची पद्धत बोकाळली आहे. बाई म्हणते मी एकच गोळी घेते, पण ती दोन औषधं घेत असते, आणि दुसऱ्यानं अंगावर पिणारं बाळ सुस्तावू शकतं. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं अशी स्ट्रिप नेणारी बाई दिसली की मी अजूनही अडवते, पण ‘बंद करा’ म्हणायला नाही, ‘पुन्हा दाखवून या’ म्हणायला. व्हॅल्प्रोएट ही तर वेगळीच गोष्ट. फिट्ससाठी आणि मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांसाठी देतात ते. गरोदरपणात घेतलं तर साधारण दहात एका बाळात जन्मदोष आढळतो आणि बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. मूल होऊ शकेल अशा वयाच्या बाईच्या चिठ्ठीवर ते दिसलं की मी आपणहून डॉक्टरांना फोन लावते. तेही तिनं स्वतःच्या मनानं सोडायचं नसतं, नाहीतर फिट येते. आणि पाच मिनिटांत रडणाऱ्या बाईच्या हातावर गोळी ठेवून मोकळे होणारे डॉक्टरही आहेत. सौम्य नैराश्यात समुपदेशनानंच पुष्कळ काम होतं. गोव्यातच साध्या घरच्या बायकांना शिकवून गरोदर बायकांशी बोलायला धाडण्याचा प्रयोग झाला, आणि त्याचा उपयोग दिसला. आमच्या तालुक्यात असं बोलायला कोण आहे? गुरुवारचे डॉक्टर, आणि त्यांच्या दारात चाळीस माणसं.

तो अक्षरांचा तक्ता मी काढून टाकला. अमेरिकेनं ती अक्षरंच 2015 पासून बाद केली होती. इतकी वर्षं एकाही एमआरनं मला हे सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नव्हतं.

तुमच्या घरात अशी कुणी असेल, मूल हवं असणारी, पोटुशी किंवा ओली बाळंतीण, तर तिची गोळी कुणी लपवू नका आणि तिनंही ती एकाएकी सोडू नये. सोडायची असेल तर ज्यांनी चिठ्ठी लिहिली त्यांना विचारून, हळूहळू. डॉक्टर लांब असतील तर 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि मेडिकलच्या काउंटरवरून कुणी आवाज खाली आणून ‘बंदच करा’ म्हणालं, तर ऐकून घ्या, सुटे पैसे द्या आणि स्ट्रिप घेऊन घरी जा.